परदेशात इंग्रजी शिकवायला जाण्यापूर्वी

उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये, अंबरनाथच्या कारखान्यांभोवतीच्या वस्त्यांमध्ये आणि बदलापूरच्या वाढत्या चाळी-इमारतींमध्ये इंग्रजी भाषेला एक वेगळे मोल आहे. ज्यांच्या आईवडिलांनी जीन्सच्या कारखान्यात शिलाई केली, ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा एमआयडीसीत पाळ्या केल्या, त्या घरांतील पहिली पदवीधर पिढी आज पंचविशी-तिशीत आहे. तिच्यातील कित्येकांनी इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए. केले, डी.एड., बी.एड. केले. आमच्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलामुलींतही असे शिक्षक झालेले आणि होऊ पाहणारे अनेक आहेत. त्यांच्यासमोर अलीकडे एक नवे दार उघडल्यासारखे दिसते आहे, ते म्हणजे परदेशात जाऊन इंग्रजी शिकवण्याचे. या दारातून कसे जावे आणि कसे जाऊ नये, याची माहिती माजी विद्यार्थी व पालक यांच्या हाताशी असावी, या हेतूने हा लेख स्मरणिकेत देत आहोत.

या ओढीमागची कारणे आम्ही जाणतो. राज्यातील शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०१७ च्या अखेरीस झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ साली. मधली पाच वर्षे पात्रताधारक वाट पाहत राहिले. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शिक्षणसेवकाचे हे मानधन २०२३ पर्यंत दरमहा ६,००० रुपये होते. त्या वर्षी ते १६,००० झाले. खासगी विनाअनुदानित शाळांत तर हाती काय पडते, हे ज्यांनी तिथे शिकवले त्यांना सांगावे लागत नाही. अशा वेळी मोबाइलवर जाहिरात येते : थायलंडमध्ये इंग्रजी शिक्षक हवेत, दरमहा तीस हजार बात, राहण्याची सोय, अनुभवाची अट नाही, 'व्हिसाची चिंता नको'. एका बातला अडीच रुपयांच्या वर भाव आहे, हा हिशेब मनात होतो आणि घरात बोलणी सुरू होतात. या जाहिरातीतील शेवटचे तीन शब्द सर्वांत धोक्याचे आहेत. चिंता करायची असेल तर ती व्हिसाचीच करावी.

प्रवेश वेगळा, काम वेगळे

व्हिसा हा शब्द आपण सरसकट वापरतो. परंतु देशात प्रवेश करण्याची परवानगी आणि त्या देशात काम करण्याची परवानगी या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्लॅटफॉर्म तिकीट काढून फलाटावर उभे राहता येते, गाडीत बसून प्रवास करता येत नाही. तसेच हे आहे. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश देण्यास सुरुवात केली आणि जुलै २०२४ मध्ये ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवली. अशा सवलतींचे नियम वेळोवेळी बदलतात. पण मुदत कितीही असो, ही सवलत हिंडण्याफिरण्यासाठी आहे. तिच्या आधारे एक तास शिकवले तरी ते विनापरवाना काम ठरते.

थायलंडमधील शाळेत कायदेशीरपणे शिकवण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, निघण्यापूर्वी मिळवलेला कामासाठीचा व्हिसा, ज्याला तिकडे 'नॉन-इमिग्रंट बी' म्हणतात. तो मुंबईतील थायलंडच्या वाणिज्य दूतावासातून घेता येतो आणि त्यासाठी नेमणूक करणाऱ्या शाळेची व तिकडच्या सरकारी खात्याची पत्रे जोडावी लागतात. दुसरी, थायलंडच्या शिक्षक परिषदेचा अध्यापन परवाना किंवा शाळेने मागून घेतलेली तात्पुरती सूट. यासाठी पदवी आवश्यक असते. तिसरी, कामगार खात्याचा कामाचा परवाना, म्हणजेच 'वर्क परमिट'. त्यावर कोणत्या मालकाकडे कोणते काम करायचे हे नोंदलेले असते. एका शाळेसाठी मिळालेल्या परवान्यावर परस्पर दुसऱ्या शाळेत किंवा शिकवणी वर्गात जाऊन शिकवता येत नाही.

चार-सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर मिळणारी 'टेफल' किंवा 'टीईएसओएल' यांसारखी प्रमाणपत्रे या तिन्हींपैकी एकाचीही जागा घेत नाहीत. ती शिकवण्याच्या तयारीसाठी उपयोगी पडू शकतात. परंतु प्रमाणपत्रासोबत नोकरी आणि व्हिसा 'आपोआप' मिळतो, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नव्हे.

नियम मोडल्यास काय होते, तेही स्पष्ट आहे. थायलंडच्या २०१७ च्या परदेशी कामगारविषयक कायद्यानुसार, त्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर, विनापरवाना काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५,००० ते ५०,००० बात दंड होतो, तिला देशाबाहेर पाठवले जाते आणि दोन वर्षे कामाचा परवाना मिळत नाही. कामावर ठेवणाऱ्या शाळेलाही प्रत्येक व्यक्तीमागे १०,००० ते १,००,००० बात दंड आहे. मुदत संपूनही देशात राहिल्यास दर दिवशी ५०० बात, जास्तीत जास्त २०,००० बात दंड वेगळा. मुदत उलटल्यावर पोलिसांनी पकडले आणि उलटलेला काळ एक वर्षाच्या आत असला तरी पाच वर्षे त्या देशात प्रवेशबंदी होते. एक वर्षाहून अधिक असेल तर दहा वर्षे.

कागद नसलेल्या शिक्षकाची अवस्था

दंडाची रक्कम हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. खरे नुकसान पकडले जाण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. ते समजण्यासाठी एक उदाहरण कल्पून पाहू.

एक पदवीधर तरुणी एजंटला दीड लाख रुपये देते. त्यासाठी आईचे दागिने गहाण पडतात, उरलेले पैसे भिशीतून येतात. ती पर्यटक म्हणून विमानतळावर उतरते. शाळा म्हणते, पहिला महिना चाचणीचा, मग कागद करू. पहिला पगार रोख आणि ठरल्यापेक्षा कमी मिळतो. दुसऱ्या महिन्यात तिला सांगितले जाते, सीमेपलीकडे जाऊन परत या म्हणजे नवी मुदत मिळेल. हा प्रवास तिच्या खर्चाने होतो, आणि वारंवार असे येणाऱ्याला सीमेवरचा अधिकारी परत पाठवू शकतो. 'कागदांसाठी' म्हणून तिचा पासपोर्ट कार्यालयात ठेवून घेतात. तिसऱ्या महिन्यात पगार थकतो. ती विचारायला जाते, तेव्हा एकच उत्तर मिळते : तक्रार कर, मग पोलीस आधी तुलाच धरतील.

या उत्तरात या विषयाचे सगळे मर्म आहे. परवाना असलेल्या शिक्षिकेला पगार थकल्यावर कामगार कार्यालयात दाद मागता येते. तिचे नाव, पद, मालक सरकारदरबारी नोंदलेले असतात. आजारपणात, अपघातात ती कोण आणि कुणाकडे कामाला, हे सिद्ध करावे लागत नाही. परवाना नसलेली शिक्षिका दाद मागायला गेली की प्रथम स्वतःच आरोपी ठरते. तिला लुबाडणाऱ्याचे बळ तिच्या या भीतीत असते. म्हणून कामाचा व्हिसा आणि परवाना ही केवळ सरकारी कटकट मानू नये. परक्या देशात आपल्या श्रमाला आणि आपल्या माणूसपणाला असलेले ते एकमेव कायदेशीर संरक्षण आहे.

पासपोर्टबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. १९६७ च्या भारतीय पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. कोणत्याही मालकाला तो अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही. थायलंडच्या उपरोक्त कायद्यातही परदेशी कामगाराचा परवाना किंवा ओळखपत्रे ठेवून घेणे हा गुन्हा आहे.

त्याच दाराने पुढे कुठे नेले जाते

आतापर्यंत सांगितले ते फसव्या किंवा बेफिकीर शाळेबद्दल. याच वाटेवर त्याहून भयंकर प्रकारही घडले आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने २४ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर इशारा दिला होता : थायलंडमध्ये भरपूर पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना नेले जाते आणि तेथून बेकायदा सीमा ओलांडवून, बहुतांशी म्यानमारमध्ये, डांबून ठेवले जाते. तिथे त्यांच्याकडून इंटरनेटवरून जगभरातील लोकांना फसवण्याचे काम करून घेतले जाते. थायलंडच्या मे सोत शहरापलीकडील म्यावाडी परिसर यासाठी कुप्रसिद्ध झाला. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत मायदेशी आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमध्ये अडकलेल्या साठहून अधिक भारतीयांची सुटका झाल्याचे आणि एजंटांना अटक केल्याचे जाहीर केले.

जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात पर्यटक म्हणून थायलंड, कंबोडिया, म्यानमार आणि व्हिएतनाम या देशांत गेलेले साडेएकोणतीस हजारांच्या आसपास भारतीय परतल्याची नोंद नव्हती, असे केंद्राच्या इमिग्रेशन विभागाच्या माहितीवरून वृत्तपत्रांत आले होते. त्यात तीन हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होते. हे सारे डांबले गेले, असा याचा अर्थ नाही. काही जण विनापरवाना नोकऱ्याही करीत असतील. परंतु इतकी माणसे पर्यटकाच्या कागदावर गेली आणि त्यांचा ठावठिकाणा नोंदीत राहिला नाही, एवढे यातून दिसते.

इंग्रजी शिकवण्याची प्रत्येक जाहिरात अशी असते, असे आम्हांस म्हणायचे नाही. थायलंडमध्ये रीतसर शिकवणारे भारतीय शिक्षक आहेत. मात्र बाहेरून पाहताना दोन्ही वाटांचे दार सारखेच दिसते : मोठा पगार, घाई, पर्यटक म्हणून प्रवेश, आणि 'बाकीचे तिथे गेल्यावर'. शिवाय फसवणुकीच्या त्या केंद्रांना इंग्रजी लिहिता-बोलता येणारी माणसेच हवी असतात. विमानतळावर घ्यायला आलेली गाडी शाळेच्या गावाऐवजी सीमेच्या दिशेने निघाली तर, ज्याच्याजवळ शाळेचे नाव असलेला व्हिसा नाही त्याला अधिकाऱ्याला दाखवायलाही काही नसते.

येथे आपल्या समाजासंबंधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगणे आवश्यक वाटते. थायलंड आणि म्यानमार ही नावे आपल्याला परकी वाटत नाहीत. आपल्या अनेक विहारांत थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत. तिकडचे भिक्खू इकडे येतात, इकडचे उपासक धम्मयात्रेला तिकडे जातात. त्यामुळे 'बौद्ध देश आहे, मुलगी सुरक्षित राहील' असे पालक सहज म्हणतात. आपली आपुलकी खरी आहे, परंतु तिच्यावर कामाचा शिक्का उमटत नाही. यात्रेला जाण्यासाठीचे कागद आणि नोकरीसाठीचे कागद वेगळे असतात. विहारातील ओळखीच्या माणसाने सुचवलेली नोकरीही इतर कोणत्याही नोकरीइतकीच तपासून घ्यावी.

इतर देशांची स्थिती

चीनमध्ये कामासाठी 'झेड' व्हिसा लागतो. इंग्रजी शिकवण्यासाठी तो साधारणतः अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा इंग्रजी मातृभाषा मानल्या जाणाऱ्या देशांच्या नागरिकांना दिला जातो. त्यामुळे विद्यार्थी किंवा व्यापारी व्हिसावर तिथल्या बालवाडीत शिकवण्याची कामे पुढे केली जातात. जुलै २०१३ पासून अमलात असलेल्या तेथील कायद्यानुसार अशा कामाला ५,००० ते २०,००० युआन दंड आणि गंभीर प्रकरणात ५ ते १५ दिवसांची कोठडी आहे. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने खासगी शिकवणी वर्गांवर कडक निर्बंध आणल्यानंतर अशा अनेक संस्था बंदही पडल्या.

दक्षिण कोरियाचा 'ई-२' शिक्षक व्हिसाही मूलतः इंग्रजी मातृभाषेच्या सात देशांसाठी आहे. तथापि १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे पदवी आणि शिक्षकपात्रता असलेल्या भारतीयांना शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट आहे. म्हणजे बी.एड. झालेल्या आपल्या मुलांसाठी कायदेशीर वाटा अजिबातच नाहीत असे नव्हे. त्या अरुंद आहेत आणि त्यांना वेळ लागतो.

पदवीधराला कोणी अडवत नाही

आपल्या देशाचा १९८३ चा उत्प्रवासन कायदा परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी आहे. दहावी उत्तीर्ण नसलेली व्यक्ती आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत कामाला निघाली, तर सामान्यतः तिला उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. तिचा करार, पगार, मालक तपासला जातो. या १८ देशांत थायलंड आणि मलेशियाही आहेत. दहावी उत्तीर्ण व्यक्तीला मात्र ही मंजुरी लागत नाही. शिकलेला माणूस स्वतःचे भले पाहू शकतो, असे कायदा गृहीत धरतो.

याचा परिणाम असा की, आखातात गवंडीकामाला जाणाऱ्या बापाचा करार एकेकाळी सरकारी टेबलावर तपासला गेला असेल, पण थायलंडला शिकवायला निघालेल्या त्याच्या पदवीधर मुलीचा करार कोणीच पाहत नाही. शिक्षणाने दिलेल्या या मोकळीकीबरोबर तपासणीची जबाबदारीही तिच्यावर आणि तिच्या घरावर येते.

एजंटविषयीचे नियम मात्र याच कायद्यात आहेत आणि ते जाणून घ्यावेत. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी अशी आहे आणि पावती देणे बंधनकारक आहे. दीड-दोन लाख रोख मागणारा, पावती न देणारा, 'आम्ही एजंट नाही, कन्सल्टन्सी आहोत' असे सांगणारा माणूस याच मापाने पाहावा.

निघण्यापूर्वी घरात विचारायचे प्रश्न

पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी कुटुंबाने एकत्र बसून पाहाव्यात, असे आम्ही सुचवतो.

१. शाळेचे पूर्ण नाव, पत्ता आणि दूरध्वनी एजंटकडून न घेता स्वतः शोधावा आणि शाळेशी थेट बोलून नेमणुकीची खात्री करावी.

२. नेमणूकपत्रात पद, पगार, तास, सुट्ट्या, मुदत आणि व्हिसा-परवान्याचा खर्च कोणाचा, हे लिहिलेले असावे. तोंडी शब्द धरू नयेत.

३. व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, हे त्या देशाच्या दूतावासाकडे स्वतः विचारावे. तो भारतातूनच मिळालेला असावा. 'तिथे गेल्यावर बदलून घेऊ' असे म्हटले जात असेल तर निघू नये.

४. एजंटची नोंदणी 'ई-मायग्रेट'वर पाहावी. शंका असल्यास वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांच्या कार्यालयात जावे. आपल्याकडून लोकलने कुर्ल्यापर्यंत जाऊन एका दिवसात होणारे हे काम आहे.

५. पासपोर्ट, व्हिसा, करार, पावत्या यांच्या प्रती आणि एजंटशी झालेले मोबाइलवरील संदेश घरी ठेवावेत.

आधीच तिकडे असाल तर

आपल्यापैकी कोणी आज विनापरवाना शिकवत असेल, तर दोष देण्यासाठी हा लेख नाही. अशा व्यक्तीने मुदत संपण्याची वाट पाहू नये. मुदत शिल्लक असताना काम थांबवून परतणे सर्वांत सोपे. मुदत उलटून नव्वद दिवस झालेले नसतील आणि पकडले जाण्याआधी स्वतःहून विमानतळावर दंड भरून निघाल्यास थायलंडमध्ये पुढील प्रवेशबंदी लागत नाही. पासपोर्ट अडकला असेल, धमकी असेल, तर बँकॉकमधील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर नातेवाइकांनाही घरबसल्या तक्रार नोंदवता येते. प्रवासी भारतीय साहाय्य केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. एजंटविरुद्ध फसवणुकीची तक्रार आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात करता येते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात.

पुष्कळदा तक्रारीला उशीर होतो तो लोकलज्जेमुळे. परदेशी गेलेल्या मुलाचा वस्तीत सत्कार झालेला असतो, कर्ज काढलेले असते, आणि 'फसलो' हे सांगायला जीभ रेटत नाही. आईवडिलांनी मुलांना एवढा एकच दिलासा निघतानाच द्यावा : परत यावेसे वाटले तर कारण न विचारता घराचे दार उघडे आहे. हा शब्द ज्याच्याजवळ असतो, त्याला धमकावणे कठीण जाते.

परदेशाची वाट आपल्या समाजाला वर्ज्य नाही. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, ते बडोदा संस्थानाची तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन. निघण्यापूर्वी त्यांनी संस्थानाशी लेखी करार केला होता. परतल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याची अट त्यात स्पष्ट होती. अटी कठीण होत्या, पण त्या कागदावर होत्या. आजही राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ७५ विद्यार्थ्यांना परदेशात उच्च शिक्षण घेता येते, आणि शिकून तिथेच रीतसर नोकरी मिळवणारेही आहेत.

आमच्या शाळेतील मुलांनी जगात कुठेही जाऊन शिकवावे, ही आमची इच्छा आहे. फक्त त्यांनी शिक्षक म्हणून जावे. त्यांच्या पासपोर्टवर पर्यटक लिहिलेले असेल, तर वर्गात उभे राहण्याचा हक्क त्यांच्याजवळ नसतो, आणि वर्गाबाहेर काढले गेल्यास विचारण्याचाही नसतो.